चार फूट दहा इंच उंचीचा विश्वविजेता?

प्रश्न: काल रात्री दक्षिण आफ्रिकेचा बॉक्सर जेकब मॅटलालाची, म्हणजे सोवेटोच्या 'बेबी जेक'ची, लास वेगासमधली १९९७ची लढत पाहिली. समोर अमेरिकेचा मायकेल कार्बाहाल! हा पठ्ठ्या त्याच्या छातीशी डोकं लावून नुसता बरगड्यांवर ठोकत होता. नवव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. ही एकच चमक, की आधीही काही होतं?

प्रतिसाद १: एकच कसली! १९९३ला ग्लासगोत स्कॉटलंडच्या पॅट क्लिंटनला त्याच्याच मुलखात आठव्या फेरीत हरवून डब्ल्यूबीओचं (जागतिक बॉक्सिंग संघटनेचं) फ्लायवेट, म्हणजे हलक्या वजनगटाचं, जेतेपद घेतलं. १९९५ला ते गेलं. त्याच वर्षी एक वजनगट खाली येऊन पुन्हा विजेता झाला.

प्रतिसाद २: तंत्राचे शौकीन नाकं मुरडतील, पण लांब हाताच्या माणसापुढे लांबून खेळला असता तर मारच खाल्ला असता. आत घुसायचं, दम न घेता मारत राहायचं.

प्रश्नकर्ता: अगदी! कार्बाहाल मागे सरकला की हा लगेच दोन पावलं पुढे.

प्रतिसाद १: २००२ची शेवटची लढत पण बघा. मंडेला आले होते, याने जिंकून विजेतेपदाचा पट्टा त्यांनाच दिला. डिसेंबर २०१३मध्ये मंडेलांच्या पाठोपाठ दोनच दिवसांनी हाही गेला.