डार्क नाइट राइझेस: शेवटचा भाग खरंच गंडलाय का आपणच उगं नावं ठेवायलोत?

मांजराकाठचा (लातूर)
सुट्टीला भाचा आलाय, आठवीत आहे. रोज मोबाईलवर रील्स बघत पडायचा म्हणून म्हणलं चल तुला दिग्दर्शक नोलनचा बॅटमॅन दाखवतो, तिन्ही भाग. पहिला 2005 चा, दुसरा 2008 चा, दोन्ही बघताना पोरगं एकदम गप. जोकरच्या वेळी तर पाणी प्यायलाही उठलं नाही. तिसरा लावला आणि शेवटाकडं आलो तर हे खी खी हसायलं. काय झालं रे म्हणलं, तर म्हणे मामा एवढे महिने जमिनीखाली अडकलेले पोलीस बाहेर आले तर सगळ्यांची दाढी केलेली कशी?
मी 2012 ला हाच पिक्चर थेटरात बघून शिट्ट्या मारल्यात, तेव्हा मला ती दाढी दिसलीच नव्हती, आता दिसली तर डोळ्यापुढून जाईना. तर तुम्ही सांगा, शेवट चांगला झालाय का दुसऱ्या भागाच्या पुण्याईवर चालून गेला?

रिकामटेकडा_नांदेड
दाढीचं काय घेऊन बसलाव, शेअर बाजारावर दरोडा पडतो ते बघा. आठ मिनिटांचं काम आहे म्हणतात, बाहेर पडताना चांगलं ऊन, पाठलाग करत बोगद्यात शिरतात आणि जरा वेळानं बघावं तर काळीकुट्ट रात्र!
आणि ती विहीर, म्हणजे बेन हा व्हिलन बॅटमॅनचा मणका मोडून त्याला टाकतो तो खोल तुरुंग. ज्यातून तो बाहेर येतो त्याचं शूटिंग जोधपूरला झालंय, मागं मेहरानगड दिसतो की चक्क. आता मणका मोडलेला माणूस, खिशात दमडी नाही, पासपोर्ट नाही, आणि तिथून थेट आपल्या शहरात, गॉथममधी हजर, तेही सगळे पूल तोडलेले असताना. आपल्याला नांदेडहून पनवेलला जायचं तर महिनाभर आधी रिझर्व्हेशन करावं लागतं राव 😂

बारव_वाला (परभणी)
नांदेडकर, हसा हसा, पण त्या विहिरीसाठी मी सगळा पिक्चर माफ करतो.
आमच्याकडं पोरं विहिरीतच पोहायला शिकतात. मी दोन उन्हाळे कमरेला दोर बांधून शिकायलो होतो, वर काका दोर धरून उभे. पोहायलोय असं वाटायचं पण खरं तर काका मला ओढत होते. एके दिवशी त्यांनी न सांगता दोर सोडून दिला, बुडालो, दोन-चार घोट पाणी गेलं, आणि मग जे हातपाय मारलेत ते आजतागायत. पिक्चरमधी तो म्हातारा कैदी तेच सांगतो ना, की तू मरायला भीत नाहीस म्हणून तुला वर जाता येईना, दोर सोडून चढ.
अन् हे एकट्या तिसऱ्या भागातलं नाही. पहिल्या भागात लहानपणी बॅटमॅन विहिरीत पडतो तेव्हा बाप दोर घेऊन खाली उतरतो. इथं बाप नाही, दोर नाही, उडी मारायच्या आधी वटवाघळं मात्र तीच. आणि वर आल्यावर पहिलं काम काय करतो तर बाकीच्यांसाठी दोर खाली टाकतो. बोलत काहीच नाही. त्यात संगीतकार झिमरचं ते म्युझिक, अंगावर काटा येतो गड्या.

कोरडवाहू (बीड)
विहीर भारी आहे, मान्य. पण माझी तक्रार दाढीची पण नाही आणि बोगद्याची पण नाही. ह्या पिक्चरमधी गॉथमची माणसं कुठायत?
दुसऱ्या भागात ते दोन जहाजांचं आठवा. एकात कैदी, एकात साधी माणसं, दोघांच्या हातात एकमेकांना उडवायचं बटण. तिथं शहर काय ठरवतं ह्यावरच सगळं अडकलं होतं. तिसऱ्या भागात बेन येतो, म्हणतो घ्या तुमचं शहर तुम्हाला, आणि पुढचे पाच महिने सामान्य माणूस दिसतच नाही. दिसतात कोण तर बेनची माणसं, कैदी, पोलीस आणि दोन-चार श्रीमंत. आमचा आज्जा रझाकारीच्या गोष्टी सांगायचा तर त्यात पुढारी कमी असायचे, कुणी कुणाच्या बळदात लपलं, कुणी ज्वारी दिली, कुणी चहाडी केली हेच जास्त. दहशतीतलं गाव असं असतं. नोलननं पावणेतीन तास घेऊन तेवढं एक घर दाखवलं नाही.
दुसरं म्हणजे हार्वी डेंटचं खोटं, म्हणजे शेवटी खुनी झालेल्या सरकारी वकिलाला दुसऱ्या भागात हिरो ठरवलं ते. आठ वर्षं त्या खोट्यावर कायदा चालला, हजारभर माणसं आत टाकली, बेन पोलीस कमिशनर गॉर्डननं खरं काय ते लिहिलेलं भाषण सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. मग? ब्लेक हा तरुण पोलीस गॉर्डनला दोन वाक्यं सुनावतो अन् विषय संपला. दुसऱ्या भागाचा सगळा शेवट ज्याच्यावर उभा होता ते इतक्या स्वस्तात सोडून दिलं, हे मला दाढीपेक्षा लई जास्त टोचतं.

रिकामटेकडा_नांदेड
+1 बीडकर. आणि बेनचं मरण विसरलाव. अख्खा पिक्चर तो भारी, बॅटमॅनचं कंबरडं मोडलं त्यानं (त्या मारामारीत म्युझिकच नाही, नुसते ठोसे, ते एक नंबर), आणि तालियाचं गुपित (सगळ्यामागं खरी तीच) फुटल्यावर दोन मिनिटांत तो नुसता तिचा राखणदार, वर कॅटवुमन येऊन गाडीवरून तोफ मारते, खेळ खल्लास. बेन झालेल्या टॉम हार्डीनं निम्मं तोंड झाकून नुसत्या डोळ्यांनी काम केलंय, असा निरोप द्यायचा त्याला?

बारव_वाला (परभणी)
बेनचं पटलं. तालिया मरताना मान टाकते ते पण नका आठवू 🙏 मी विहिरीवर ठाम आहे.

मांजराकाठचा (लातूर)
बीडकर, ते जहाजांचं वाचून गप झालो, खरंय. पण शेवटी बॅटमॅनला लहानाचं मोठं केलेला नोकर आल्फ्रेड फ्लॉरेन्सच्या कॅफेत मान वर करून बघतो ना, अन् समोर मेला समजलेला बॅटमॅन, तिथं मला ह्या वेळी पण भरून आलं. काहीजण म्हणतात ते त्याचं स्वप्न आहे, मला पटत नाही. बॅटमॅन बॉम्ब घेऊन गेला त्या विमानाचं ऑटोपायलट आधीच दुरुस्त केलेलं होतं हे त्याची यंत्रं बनवणाऱ्या फॉक्सला कळतं ते उगं टाकलंय का? त्या म्हाताऱ्यानं एवढंच मागितलं होतं की तू कुठंतरी सुखात दिसावास आणि आपण एकमेकांना ओळख दाखवू नये. ह्याच्यापुढं बोगदा अन् ऊन माफ.
परभणीकरांचं भाच्याला वाचून दाखवलं तर आता पहिला भाग परत लाव म्हणायलाय, विहिरीत पडतो ते बघायचंय. पण दाढीचं उत्तर अजून कुणीच दिलं नाही.

कोरडवाहू (बीड)
वरून खाली जेवण पाठवायचे ना पोलिसांना, त्यातच वस्तरा गेला असेल 😄

मांजराकाठचा (लातूर)
भाचा विचारायलाय, मग आरसा?