मेनूत लिंक टाकायची, घालायची का जोडायची? आणि ‘काढा’ म्हणजे नक्की काय?

मंडळी, लिंकला मराठी शब्द कुठला हा माझा प्रश्न नाही, तो वाद बऱ्याचदा झालाय. मला क्रियापद पाहिजे. कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही तिघं वेबसाईटची कामं करतो, आणि सध्या सगळ्या साईटींचे मेनू एपीआय टूलमधनं (एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला थेट काम सांगायची सोय) भरतोय, म्हणजे ॲडमिनमध्ये जाऊन माऊसनं ओढाओढ करायची नाही, पोस्टमन नावाच्या टूलमधनं वर्डप्रेसला, म्हणजे साईट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरला, रिक्वेस्ट पाठवायची आणि लिंक मेनूत हजर. वर्डप्रेसमध्ये ही सोय ५.९ व्हर्जनपासनं आली, २०२२ च्या जानेवारीत. पन्नास लिंका असल्या की लई वेळ वाचतो.

तर गेल्या आठवड्यात एका चप्पलवाल्या मालकांचा फोन आला, “ती कापशीची लिंक काढा की ओ लवकर.” कापशी म्हणजे कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार. फोन आमच्यातल्या नव्या पोरानं घेतला आणि सरळ डिलीटची रिक्वेस्ट मारली. पहिल्यांदा सर्व्हरनंच अडवलं, मेनूतल्या लिंकला कचरापेटीची सोय नाही, कायमचीच उडवायची असेल तर फोर्स ट्रू पाठव असं उत्तर आलं, पोरगं आज्ञाधारक, त्यानं तेही पाठवलं. लिंक गेली ती गेलीच, कचरापेटीच नसल्यावर परत कुठनं आणायची. कापशीचं पान शाबूत होतं, लिंक उडाली म्हणून पान उडत नाही, पण मेनूत कुणाला दिसेना. संध्याकाळी मालक परत फोनवर, “अहो काढा म्हणजे वर काढा, पहिल्यांदा दिसंल अशी!”

मी नंतर दुकानात जाऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. ते दिवसभर स्टुलावरच्या पोराला ओरडत असतात, “कापशी काढ आठ नंबर, पुकारी काढ सात नंबर,” आणि पोरगं वरनं खोकं खाली आणतं. त्यांच्या तोंडात काढणे म्हणजे समोर आणणे. त्याच दारात गिऱ्हाईक पायातलं पायताण काढतं तेव्हा काढणे म्हणजे दूर करणे. दुकान काढलं म्हणजे सुरू केलं, आणि दात काढला म्हणजे गेला. पोराची चूक मी धरत नाही. आता पोरांसाठी मराठीत एक कागद करायचाय, कुठल्या कामाला कुठला शब्द, तेवढ्यासाठी विचारतोय.

प्रतिसाद: एपीआयच्या कागदावर ‘काढणे’ नकोच. ‘डिलीट करणे’ किंवा ‘उडवणे’ लिहा, त्याला दुसरा अर्थ चिकटत नाही. आणि ‘टाकणे’ पण बंद करा बघू, टाकणे म्हणजे फेकणे. माझी आई अजून ‘भाजीत मीठ टाक’ म्हणू देत नाही, मीठ घालायचं असतं.

प्रतिसाद: टाकणे म्हणजे फेकणेच असं कसं? पाऊल टाकतो, विश्वास टाकतो, चहा टाकतो, पेटीत पत्र टाकतो. ग्रुपवर लिंक टाकणे हे त्या पत्र टाकण्यातनंच आलंय, एकदा हातातनं सुटलं की ज्याला पाहिजे त्यानं उचलावं. तिथं ‘घाल’ म्हटलं तर कानाला खटकतं. पण मेनूत ‘टाक’ मलाही पटत नाही, कारण मेनूत लिंकची जागा ठरलेली असते.

प्रतिसाद: ‘दुवा’ वापरा की. मराठी विकिपीडियावर सर्रास चालतो.

मूळ लेखक: दुवा वाचायला चांगला आहे, पण ‘दुवा द्या’ लिहिलं की आमच्याकडं आजी डोक्यावरनं हात फिरवते. कागदावर ‘लिंक’च ठेवतो, ती लिंक, अनेकवचन लिंका, बँक-बँका सारखं.

टाकणे-घालणेवरनं मला एक गोष्ट सुचली, बघा पटते का. आपण ‘मेनूत’ घालतो आणि ‘पानाला’ जोडतो. प्रत्ययच वेगळा आहे. घालणे म्हणजे आत नेणे, जोडणे म्हणजे दोन वस्तूंचं एकमेकांशी नातं लावणे. आणि रिक्वेस्टमध्ये पण ही दोन कामं दोन वेगळ्या रकान्यांत असतात! ‘मेनूज’ रकान्यात मेनूचा नंबर द्यायचा, ते झालं घालणे. ‘ऑब्जेक्ट आयडी’त पानाचा नंबर द्यायचा, प्रकार ‘पोस्ट टाईप’ आणि ऑब्जेक्ट ‘पेज’ लिहायचं, ते झालं जोडणे. बाहेरचा पत्ता असेल तर प्रकार ‘कस्टम’ आणि सरळ यूआरएल. आमच्या पोरानं दुसऱ्या दिवशी कापशी परत करताना पानाला जोडली पण मेनूत घातली नाही, म्हणजे मेनूचा नंबरच दिला नाही. लिंक तयार झाली, सर्व्हरनं २०१, म्हणजे ‘तयार झालं’ असा कोड, दिला, साईटवर मात्र काहीच नाही. वर्डप्रेसच्या कोडमधल्या टिपणात अशा लिंकला ऑर्फन म्हटलंय, अनाथ. “जोडली की ओ” म्हणून तो सांगत होता आणि ते खरंही होतं.

प्रतिसाद: हे एक नंबर! मी सात-आठ वर्षं हे काम करतोय पण असं कधी डोक्यात आलं नाही. मग मेनूच्या आतल्या मेनूला काय म्हणता? सबमेनू?

मूळ लेखक: आम्ही पोटमेनू म्हणाय लागलोय. पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू हे शब्द आहेतच. ‘चपला’ ही वरची लिंक, तिच्या पोटात कापशी, पुकारी, कुरुंदवाडी. ‘पॅरेंट’ रकान्यात वरच्या लिंकचा नंबर दिला की ती पोटात जाते. इथं नवीन माणूस एक हमखास चुकतो, पानाचा नंबर देतो. तिथं पानाचा नाही, मेनूतल्या लिंकचा नंबर लागतो, दोन्ही नंबर वेगळे.

प्रतिसाद: आणि क्रम? तुमच्या मालकांचं ‘वर काढा’ त्यातच येतंय की. माझ्या मते ‘वर घेणे’ लिहा, रांगेत माणसाला पुढं घेतो तसं.

मूळ लेखक: घेतला हा शब्द. ‘मेनू ऑर्डर’चा आकडा बदलला की लिंक वर-खाली होते, म्हणजे वर घेणे, खाली घेणे. तेवढ्यासाठी लिंक उडवून नवी करायची गरजच नसते, आहे तिच्याच नंबरवर दुरुस्तीची रिक्वेस्ट पाठवायची. मालकांनाही फोन केला, म्हटलं इथून पुढं ‘वर घ्या’ म्हणत चला. ते म्हणाले, मी काढाच म्हणणार, तीस वर्षांची सवय आहे, तुम्हीच विचारत जा वर काढू का बाहेर काढू. हे पण कागदावर लिहिलंय, सगळ्यात वर: गिऱ्हाईक ‘काढा’ म्हणालं तर आधी विचारायचं, मग रिक्वेस्ट.