‘सैराट’ पाहून काका जे म्हणाले, त्याचा दोष कुणाचा?

कडुनिंब: २०१६ च्या मे महिन्यात तालुक्याच्या थिएटरात ‘सैराट’ पाहिला. ‘झिंगाट’ लागताच पोरं पडद्यापुढे जाऊन नाचली. शेवटी मारल्या गेलेल्या आर्ची-परश्याचं लेकरू रक्ताची पावलं उमटवत दाराबाहेर जातं, आवाज बंद होतो, तेव्हा तीच पोरं जागची हलली नाहीत. बाहेर पडताना मात्र शेजारचे काका मुलीला म्हणाले, “बघितलंस ना? पळून गेलं की असं होतं.” जातीपायी होणाऱ्या खुनांविरुद्धचा सिनेमा त्यांनी ताकीद म्हणून वापरला! मी याचा दोष दिग्दर्शकाला देतो. पूर्वार्ध इतका गोड करायलाच नको होता.

नदीकाठ: अजिबात पटलं नाही. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर घेऊन थेट परश्याच्या दारात येते, तेव्हा आपला जीव तिच्यात गुंततो. तो गुंतला नसता तर शेवटी पोटात खड्डा पडला असता का? याच दिग्दर्शकाने, नागराज मंजुळेंनी, आधीच्या ‘फँड्री’ सिनेमाच्या शेवटी जब्या या दलित पोराचा दगड सरळ आपल्याकडे भिरकावला. तोही कित्येकांनी चुकवलाच. काकांना कळलं नाही असं नाही, त्यांना ते मान्य नाही.

तिसरी घंटा: संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये हेच मांडलं होतं. प्रेक्षक संदेश जसाच्या तसा घेतो, थोडा मान्य थोडा अमान्य करतो किंवा पार उलटा लावतो. पण त्यांच्या मांडणीत संदेश प्रस्थापितांचा असतो आणि तो उलटा लावणारा त्यांच्या विरोधातला. इथे संदेशच जातीव्यवस्थेविरुद्ध आहे, आणि तो उलटा लावतायत ते व्यवस्थेच्या बाजूचे. म्हणून ‘प्रत्येकाचा अर्थ आपापल्या जागी बरोबर’ हे मला मान्य नाही. काकांचं वाचन चूक आहे, आणि ते तसं म्हणायला हवं.

कडुनिंब: चूक म्हणून काय साधतं? त्या मुलीच्या कानात शेवटी काकांचंच वाक्य राहिलं.

सांजवारा: राहिलंच असेल असं नका धरू. मलाही घरी हेच ऐकवलं होतं, मी तेव्हा बारावीत होते. माझ्या मनात मात्र पळून गेल्यावरचं आर्चीचं हैदराबाद राहिलं. पाटलाची लेक कारखान्यात कामाला जाते, तेलुगू शिकते, स्वतःच्या पगारावर घर उभं करते. गावातली मुलगी परक्या शहरात कमावून राहू शकते, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. पुढे नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा डोळ्यांसमोर तीच आर्ची होती.