गिट रिपॉझिटरीत शेवटचा बदल केव्हा झाला, हे खात्रीने कसे ठरवावे?

प्रश्न : दिंडोरीकर

नमस्कार. आमची द्राक्ष उत्पादकांची लहानशी कंपनी दिंडोरी तालुक्यात असून कार्यालय नाशिकला द्वारका परिसरात आहे. बागांची नोंदणी, फवारणीच्या नोंदी आणि पॅकहाउसला आलेल्या मालाचे वजन सांभाळणारे सॉफ्टवेअर आम्ही बाहेरून करून घेतले. त्याच्या वार्षिक देखभालीचे बिल सध्या मंजुरीसाठी आले आहे. या कोडला शेवटचा हात केव्हा लागला, एवढेच संचालकांना हवे आहे. करारानुसार रिपॉझिटरी (कोड आणि त्यातील बदलांचा इतिहास जपणारा गिट या प्रणालीतील साठा) पाहण्याची मुभा असल्याने मी ती गिटहब या संकेतस्थळावरून क्लोन करून, म्हणजे तिची पूर्ण प्रत उतरवून घेतली, पण फोल्डरमधील प्रत्येक फाइलीवर आजचीच तारीख दिसते. ‘गिट लॉग’ ही बदलांचा इतिहास दाखवणारी कमांड चालवल्यावर सर्वांत वरची नोंद ऑगस्टमधील निघाली, तर गिटहबच्या पानावर रिपॉझिटरी मागच्याच आठवड्यात अद्ययावत झाल्याचे दिसते. यांपैकी कोणती तारीख ग्राह्य धरावी? कोणावर उगाच ठपका येऊ नये, म्हणून बिल अडवण्याआधी विचारतो आहे.

उत्तर : सातपूरवासी

फाइलींवरील तारखा बाजूला ठेवा. गिट फाइलींचा मजकूर जपते, पण त्या डिस्कवर केव्हा बदलल्या ती वेळ साठवत नाही. त्यामुळे क्लोन करताना फाइली तुमच्या संगणकावर ज्या क्षणी लिहिल्या गेल्या, तीच वेळ तिथे दिसते.

दुसरे असे की, नुसते ‘गिट लॉग’ तुम्ही ज्या ब्रँचवर (कोडच्या समांतर शाखेवर) उभे आहात तिचाच इतिहास दाखवते. पुष्कळ ठिकाणी रोजचे काम वेगळ्या ब्रँचवर चालते आणि मुख्य ब्रँचमध्ये ते महिनोन्‌महिने येत नाही. म्हणून आधी ‘गिट फेच’ने सर्व्हरवरचे नवे बदल आणा आणि मग ‘गिट लॉग’ला ‘ऑल’ हा पर्याय जोडून पाहा. ‘गिट ब्रँच’ या कमांडला सर्व ब्रँच दाखवायला सांगून कमिटच्या (इतिहासात नोंदवलेल्या बदलाच्या) तारखेनुसार उतरता क्रम लावला, तर कोणती ब्रँच जिवंत आहे हे एका नजरेत कळते.

उत्तर : इंदिरानगरहून

वरील उत्तर योग्यच आहे, पण ऑगस्ट आणि मागचा आठवडा यांतील तफावत ब्रँच न बदलताही पडू शकते. गिटच्या प्रत्येक कमिटमध्ये दोन तारखा असतात : बदल मुळात लिहिला गेला ती लेखकाची तारीख, आणि तो सध्याच्या रूपात इतिहासात बसवला गेला ती कमिटची तारीख. ‘रीबेस’, ‘चेरी-पिक’ किंवा ‘अमेंड’ करून जुना कमिट नव्याने बसवल्यावर पहिली सहसा तशीच राहते आणि दुसरी नवी पडते. गोंधळाचे मूळ असे की कोणताही पर्याय न दिल्यास ‘गिट लॉग’ फक्त लेखकाची तारीख छापते. ‘फॉरमॅट’ या पर्यायाला ‘फुलर’ हे मूल्य द्या, म्हणजे ‘ऑथरडेट’ आणि ‘कमिटडेट’ अशा दोन ओळी एकाखाली एक दिसतील.

तरीही बिलाच्या वादात या दोन्हींवर विसंबू नये, असे माझे मत आहे. दोन्ही तारखा कमिट करणाऱ्या संगणकाच्या घड्याळावरून येतात आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कमांडला बाहेरून पुरवलेले मूल्य) देऊन हव्या तशा घालताही येतात. पत्रावर लिहिणाऱ्याने टाकलेली तारीख वेगळी आणि आवक नोंदवहीतील तारीख वेगळी, तसेच हे आहे. इथली आवक नोंद म्हणजे पुश (संगणकावरून पाठवलेले कमिट) सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ. गिटहबच्या एपीआयमध्ये (प्रोग्रॅमना माहिती पुरवणाऱ्या सोयीत) ती ‘पुश्ड ॲट’ या रकान्यात मिळते. शेजारचा ‘अपडेटेड ॲट’ घेऊ नका, कारण रिपॉझिटरीचे नुसते वर्णन बदलले तरी तो पुढे सरकतो.

दिंडोरीकर

मनःपूर्वक आभार. ‘फुलर’ने पाहिले असता सर्वांत वरच्या कमिटची लेखकाची तारीख ऑगस्टचीच आहे, कमिटची मात्र मागच्या आठवड्यातील निघाली. ‘पुश्ड ॲट’ही त्याच दिवसाचे आहे. कमिटच्या संदेशात वजनकाट्याच्या दशांशांची दुरुस्ती असे लिहिले आहे.

उत्तर : पंचवटीकर

म्हणजे ऑगस्टमध्ये लिहिलेली दुरुस्ती तुमच्यापर्यंत आता पोहोचली, असा याचा सरळ अर्थ दिसतो. हा उशीर का झाला, हे पुरवठादाराला अवश्य विचारा. शेवटच्या तारखेवरून वर्षभराचे काम मात्र मोजता येणार नाही. एखाद्या वाचा-मला (रीडमी) या माहितीपर फाइलीतील स्वल्पविराम बदलला तरी तारीख ताजी होते. ‘गिट लॉग’ला ‘सिन्स’ने करारवर्षाची सुरुवात द्या आणि ‘स्टॅट’ जोडा. कोणत्या फाइलीत किती ओळी बदलल्या, हे कमिटनिहाय दिसेल.

देखभालीचे वर्ष १ एप्रिलला सुरू होत असेल, तर वेळेच्या पट्ट्याकडेही लक्ष ठेवा. ‘पुश्ड ॲट’ची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे तिथे ३१ मार्च, रात्रीचे ८ दिसले तर नाशिकमध्ये ती १ एप्रिलची पहाटे दीडची वेळ होय. कमिटच्या तारखांसमोर अधिक ०५३० असेल तर ती आपलीच वेळ आहे. नसेल तर ‘डेट’ या पर्यायाला ‘आयएसओ-लोकल’ द्या, म्हणजे सर्व नोंदी तुमच्या संगणकाच्या वेळेत येतील.