अर्ज केल्यानंतर पासपोर्टचे स्वरूप बदलले, तर शुल्क परत मिळते का?

प्रश्न
पासपोर्टच्या नूतनीकरणाचे शुल्क मी भरले आणि आठवडाभरातच चिप असलेली नवी पुस्तिका येणार असल्याचे जाहीर झाले. त्यातच भरणा करताना संकेतस्थळ अडकल्यामुळे मी पुन्हा पैसे भरले आणि खात्यातून रक्कम दोनदा वजा झाली. अर्ज मागे घेऊन थांबावे का? थांबल्यास पैसे परत मिळतील का?

उत्तर १
या दोन रकमांचा विचार वेगवेगळा करावा लागेल. शुल्क ही केवळ पुस्तिकेची किंमत नसून त्यात कागदपत्रांची छाननी आणि ओळखीची पडताळणी यांचा खर्चही धरलेला असतो. त्यामुळे अर्ज मागे घेतला किंवा नामंजूर झाला, तरी ते सहसा परत मिळत नाही. दुबार भरण्याची गोष्ट निराळी आहे, कारण त्या रकमेपोटी कोणतेही काम झालेले नसते. दोन्ही व्यवहार क्रमांक आणि खात्याचा उतारा जोडून लेखी मागणी करा. दुसरी रक्कम खरोखर जमा झाली की बँकेतच अडकली, हे मात्र आधी पाहा.

उत्तर २
केवळ चिपसाठी थांबू नका. नवे स्वरूप आले म्हणून आधीची पुस्तिका सहसा रद्द होत नाही. ती मुदत संपेपर्यंत चालते. हस्तलिखित पासपोर्ट वापरातून काढतानासुद्धा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २४ नोव्हेंबर २०१५ ही तारीख कितीतरी वर्षे आधी ठरवून दिली होती. चिपमध्ये मुख्यतः छायाचित्राच्या पानावरचीच माहिती असते, फक्त तिच्यावर देणाऱ्या देशाची डिजिटल स्वाक्षरी असते. त्या पानाच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी दिसतात ना, त्यांतील पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांवरूनच चिप उघडण्याची किल्ली तयार होते. मिटलेल्या पुस्तिकेतून कोणी माहिती चोरेल, ही भीती त्यामुळे बरीच कमी होते.

उत्तर ३
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, परंतु नियमच अपुरा आहे असे मला मनापासून वाटते. पासपोर्टचे शुल्क तो देण्याच्या खर्चापेक्षा अधिक नसावे, अशी याच संघटनेची शिफारस आहे. मग छाननी सुरू होण्यापूर्वीच अर्ज मागे घेणाऱ्याला निदान न छापलेल्या पुस्तिकेचा खर्च तरी परत मिळायला हवा. स्वरूप कोणत्या तारखेपासून बदलणार, हेही शुल्क घेण्यापूर्वीच सांगणे शासनाला अवघड नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अर्ज कायम ठेवतो आणि दुसऱ्या भरण्याबाबत आजच लेखी मागणी करतो.