निम्मा धंदा देणारी पार्टी सोडायची आहे, पण भांडण न करता. कशी सोडावी?

शिलाईयुनिट_अक्कलकोटरोड
सोलापूरच्या एमआयडीसीत आमचं शाळेच्या युनिफॉर्म शिलाईचं युनिट आहे, २२ मशीन. बाहेरगावची एक होलसेल पार्टी आहे, सात वर्षांपासूनची. कापड त्यांचं, भीलवाड्याहून थेट आमच्याकडे उतरतं, कटिंग, शिलाई, काजबटण, प्रेस, पॅकिंग आमचं. पहिली काही वर्षं चांगली गेली. आता पैसे चार-चार महिन्यांनी येतात आणि प्रत्येक बिलाला डेबिट नोट, म्हणजे चूक दाखवून पैसे कापल्याची चिठ्ठी, कधी माप चुकलं, कधी डाग पडला, आणि तो खराब माल परत पाठवा म्हटलं तर पाठवत नाहीत कारण तो विकून झालेला असतो. रात्री साडेअकराला फोन. मागच्या महिन्यात युनिटवर आले आणि आमच्या कटिंग मास्टरना, ज्यांना मी स्वतः काका म्हणतो, सगळ्या बायकांसमोर नको ते बोलले. त्याच दिवशी ठरवलं, बास आता. पण आमचा निम्मा धंदा यांचा, ४ लाख ८० हजार येणं बाकी, आणि मार्च चालू आहे म्हणजे जूनचा माल अर्धा कापून टेबलावर पडलाय. नीट कसं बाहेर पडायचं ते सांगा.

चाटीगल्ली_जुनं_दुकान
मालक, पार्टी सोडू नका. ३० वर्षं बाजारात काढली म्हणून सांगतो, पार्टीला नाही म्हणायचंच नसतं, भाव वाढवून सांगायचा, ती आपोआप दुसरीकडे जाते आणि तोंड पण वाईट होत नाही. सोलापूरचा बाजार केवढा? एकच दलाल चार युनिटला काम देतो. आज तुम्ही पत्र दिलं की उद्या चहाच्या टपरीवर चर्चा, की यांच्याकडे मधेच काम सोडतात. पुढे कधी पडता काळ आला तर तीच पार्टी परत लागते.

घरगुती_शिलाई_विडीघरकुल
काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून बोलते, पण हा भाव वाढवायचा प्रकार मी करून बघितलाय. माझी गाऊनची पार्टी होती, आठ बायका शिवायच्या माझ्याकडे. मी पीसमागे चार रुपये वाढवून सांगितले, वाटलं आता जाईल, तर एका फोनमध्ये हो म्हणाले! आणि ते चार रुपये पुढच्या तीन बिलांत डेबिट नोटनं परत काढून घेतले. ज्याला द्यायचंच नाही त्याला भाव कितीही सांगा की, त्याचं काय जातंय. वर मी अजून पाच महिने अडकले कारण आता मीच सांगितलेल्या भावाला त्यांनी हो म्हटलेलं, सोडायला तोंड राहिलं नाही. त्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं.

हैदराबादरोड_पॉवरलूम
एवढा विचार कशाला करताय ओ, माल टेबलावर आहे ना तुमच्या? कुलूप लावा. मागचे सगळे ४ लाख ८० हजार खात्यात पडल्याशिवाय एक पीस बाहेर सोडू नका. मार्चमध्ये गरज त्यांना आहे, तुम्हाला नाही.

हिशोबनीस_सातरस्ता
वरचं अजिबात असंच्या असं करू नका, जॉबवर्कवाल्यांची, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम करणाऱ्यांची, इथेच फसगत होते. करार कायदा १८७२, कलम १७० प्रमाणे ज्या मालावर तुम्ही मेहनत केली तो माल त्याची मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेता येतो हे खरं, म्हणजे तुमचं काही वेगळं ठरलेलं नसेल तर, आणि काम ठरल्या वेळेत पुरं केलेलं असेल तर. पण तो हक्क त्याच मालापुरता, त्याच मजुरीपुरता. मागच्या वर्षीच्या बाकीसाठी या वर्षीचं कापड अडवलंत तर उलट तुमच्यावरच केस होऊ शकते, आणि अर्धवट कापलेल्या मालावर तर दावा फारच लंगडा.

जुन्या येण्याचा रस्ता वेगळा आहे. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, आणि ती या बिलांच्या आधीची असेल तर उत्तम, तर एमएसएमईडी कायदा २००६ मध्ये लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, ते पण महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. अडकलेल्या पैशांसाठी सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर (आधीचं समाधान) अर्ज करता येतो. पण त्याआधी लेजरवर (खातेउताऱ्यावर) त्यांची सही आणि शिक्का घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. बाकी कबूल केल्याची लेखी सही, दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपायच्या आत मिळाली की मुदत तिथून नव्यानं मोजली जाते. सोडतोय हे सांगायच्या आधी ही सही घ्या, नंतर कोण देतंय?

चाटीगल्ली_जुनं_दुकान
साहेब, कायदा तुमचा बरोबर, पण पोर्टलवर अर्ज केला की ते नातं संपलं, आणि मालकांनी तर विचारलंय की भांडण न करता कसं सोडावं. इन्कम टॅक्सचा तो ४३बी(एच) १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला, वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्च धरत नाहीत, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका पार्टीनं काय केलं माहितीये? छोट्या नोंदणीवाल्यांचं काम कमी केलं. काठी उगारली की गिऱ्हाईक लांब पळतं.

हिशोबनीस_सातरस्ता
पण काका, इथे गिऱ्हाईकानं लांब जावं हीच तर इच्छा आहे ना. अर्ज कराच असं मी म्हणत नाही, करता येतो हे माहीत असलं की बोलताना आवाज कापत नाही. अजून एक, डेबिट नोटचा जो काही निकाल लावायचा तो आत्ताच लावा. खरंच तुमची चूक असेल तिथं क्रेडिट नोट द्या, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, ती जीएसटीत बिलाच्या पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंतच दाखवता येते, मग तो टॅक्स तुमच्या अंगावर. आणि उरलेलं कापड, कटपीस, पॅटर्न मोजून डिलिव्हरी चलनावर परत करा. जॉबवर्कचा कच्चा माल एका वर्षात परत जायला लागतो, शेवटच्या दिवशी "आमचं अमुक मीटर कापड कुठंय" असा नवा वाद निघतो तो यावरूनच.

युनिफॉर्म_रिटेल_नवीपेठ
मी गिऱ्हाईकाच्या बाजूचा माणूस, म्हणजे काउंटरवरचा. काहीही करा पण आत्ता मार्च-एप्रिलमध्ये काम टाकू नका. १५ जूनला शाळा उघडते, आठवडाभर आधी आईबाप पोराला घेऊन दुकानात उभे असतात आणि एका शाळेचा चेक्स दुसऱ्या शाळेला चालत नाही. एक वर्षी आमचा असाच माल अर्धवट आला, सहावीतली एक मुलगी पंधरा दिवस जुना आखूड स्कर्ट घालून शाळेत गेली, तिची आई रोज दुकानात येऊन विचारायची. त्या होलसेलरला काही फरक पडला नाही, त्यानं आम्हाला शिलाईवाल्याचं नाव सांगितलं आणि मोकळा झाला.

घरगुती_शिलाई_विडीघरकुल
हे पटलं. चालू लॉट पुरा करा, पण नवीन कापड उतरवून घेऊ नका. आणि दादा, कारण सांगणार आहात का नाही? मास्टरकाकांना जे बोलले त्याबद्दल कोणीच लिहीत नाहीये इथं, सगळे पैशावरच. माझ्याकडच्या बायका त्या गाऊनवाल्याचा फोन वाजला की मशीन थांबवून माझ्या तोंडाकडे बघायच्या. पैसे उशिरा आले ते विसरले असते मी.

चाटीगल्ली_जुनं_दुकान
ताई, ते लागलं म्हणूनच सांगतो, पत्रात नको. लिहिलेला शब्द फिरतो. पत्रात फक्त तारीख आणि हिशोब.

शिलाईयुनिट_अक्कलकोटरोड
सगळ्यांचं दोनदा वाचलं. कुलूपाचा विचार सोडला. या आठवड्यात वर्षाअखेरचं लेजर म्हणून सहीला पाठवतो, ते सगळ्यांनाच पाठवतो त्यामुळे वेगळं दिसणार नाही. सही आली की हे पत्र: "चालू लॉट ठरलेल्या भावात, ठरलेल्या तारखेला पूर्ण करून देऊ. ३१ मे नंतर आपलं नवीन काम आम्हाला घेता येणार नाही. उरलेलं कापड व पॅटर्न मोजून चलनासह परत करू. बाकी रकमेचे हप्ते प्रत्येक डिलिव्हरीबरोबर ठरवावेत ही विनंती." कारण पत्रात लिहीत नाही, इथं चाटीगल्ली काकांचं ऐकतो. पण फोनवर सांगणार, की माझ्या माणसाला त्या दिवशी जे बोललात त्यानंतर मला हे काम करता येत नाही. ते न सांगता गेलो तर मास्टरकाकांना वाटेल मी फक्त उधारीसाठी सोडलं.

जुलैपासून निम्मी मशीन रिकामी राहणार, त्याची भीती आहे, खोटं बोलत नाही. कोणाकडे ॲप्रन, हॉस्पिटलच्या चादरी-उशांचं, असलं बारमाही काम असेल तर कळवा, १० टक्के ॲडव्हान्स आणि ३० दिवसांचा लेखी करार, याच्याशिवाय आता घेणार नाही.

पत्र पाठवायच्या आधी मास्टरकाकांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, उद्यापासून प्रत्येक गठ्ठा बांधायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेव, शेवटच्या लॉटला डेबिट नोट लागता कामा नये.