दोन लाख किलोमीटर पळालेली सेडान घ्यावी का?

टिळकवाडीकर
"लाख किलोमीटरच्या वर पळालेली गाडी घेऊ नको," हा सल्ला बेळगावात ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. मला तो साफ अमान्य आहे. दीड-दोन लाख पळालेली, एकाच मालकाच्या हातातली होंडा सिटी किंवा १.३ डिझेल डिझायर ही आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरासाठी आजही शहाणपणाची खरेदी आहे.

इंजिन सर्वांत जास्त झिजतं ते थंडगार असताना स्टार्ट करताना आणि गावातल्या गावात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडतखडत चालवताना. कोल्हापूर-हुबळी हायवेवर पळणारी गाडी तासन्‌तास एका चालीत, नीट तापून चालते. म्हणून दारात उभी राहून राहून दहा वर्षांत चाळीस हजार झालेल्या गाडीपेक्षा वेळेवर ऑइल बदललेली, दोन लाख पळालेली गाडी मी डोळे झाकून घेईन. त्या डिझायरला ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. मोठं काम निघालंच तर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाले आहेत की!

उलट नव्या गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलं तर हप्ता बसतो सुमारे १६,६०० रुपये, आणि व्याजच दोन लाखांच्या घरात जातं. तेवढ्या व्याजात जुन्या गाडीचं क्लच, सस्पेन्शन, टायर, सगळं होऊन पैसे उरतात.

खानापूरचा
दादा, इंजिनाबद्दल वाद नाही. पण माणसं इंजिनात बसत नाहीत. आमच्याकडे कणकुंबी, जांबोटी पट्ट्यात पाऊस सुरू झाला की गाडी महिनोन्‌महिने वाळतच नाही. वरून पॉलिश मारलेली गाडी रॅम्पवर चढवून बघा. दाराखालचा पत्रा, चाकाच्या कमानी, मागच्या सस्पेन्शनची बैठक, सगळं पोखरलेलं सापडतं. इंजिन बांधता येतं, सडलेली बॉडी बांधता येत नाही. वेल्डिंगचं ठिगळ लावून विकलेल्या गाड्या या भागात भरपूर फिरतात.

दुसरं म्हणजे सुरक्षा. नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. त्याआधीच्या खालच्या मॉडेलांत बऱ्याचदा दोन्ही नसतात. चोर्ला घाटात धुक्यात, ओल्या वळणावर समोर ट्रक आला आणि ब्रेक लॉक झाला, तर वाचवलेल्या व्याजाचं काय करायचं? हप्ता परवडत नसेल तर छोटी घ्या, पण नवी घ्या. घरात लहान मुलं असतील तर मी याच्या खाली उतरणार नाही.

टिळकवाडीकर
पत्र्याचं शंभर टक्के बरोबर. म्हणून तर म्हणतो, मीटरपेक्षा खालची बाजू आधी बघा. सुरक्षेचं मात्र अर्धंच पटतं. सिटी, कोरोलासारख्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत एअरबॅग आणि एबीएस तेव्हाही मिळायचं. एबीएस नसलेली गाडी घ्या असं मीही कुणाला सांगणार नाही.

उद्यमबाग गॅरेज
तुम्ही दोघं बोलताय त्यात एक गोष्ट राहिली. जुन्या होंडा-टोयोटात एअरबॅग आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं रिकॉल, म्हणजे सदोष भाग बदलायला गाड्या परत बोलावणं, याच गाड्यांना लागलं होतं. त्यातलं स्फोटक दमट, उष्ण हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं आणि बॅग फुटताना धातूचे तुकडे अंगावर येऊ शकतात. चॅसी नंबर घेऊन कंपनीकडे विचारा, रिकॉलमध्ये असेल तर फुकट बदलून मिळते. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली की रिकॉलचं पत्र मूळ मालकाकडेच पडून राहतं.

मीटर तर मागे फिरवतातच. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर साठ हजार, असं दिसलं की समजून जा. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ऑइलचं झाकण उघडून आत पांढरट साय दिसली तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेल्याची शंका घ्या. आणि गाडी सकाळी थंड असतानाच बघायला जा, विकणाऱ्याला आधी स्टार्ट करून ठेवू देऊ नका.

निपाणी
आमच्या बाजूचे लोक कोल्हापुरात स्वस्त मिळते म्हणून एमएच-०९ ची गाडी उचलतात आणि तशीच फिरवतात. मामा, १२ महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला) आणायची आणि गाडीच्या वयाप्रमाणे इथला लाइफटाइम टॅक्स भरायचा. हा खर्च धरला की स्वस्ताई बरीच आटते. पंधरा वर्षांनी आरसी नव्याने करायची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून थेट ५,००० झाली, आणि वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याने हे आधीच किमतीतून वजा करावं.

चिकोडीचा ऊसवाला
आमच्या उसाचंच इथेनॉल पेट्रोलमध्ये येतंय, त्याचा मला आनंद आहे. पण जुन्या पेट्रोल गाडीला वीस टक्के मिश्रण सोसत नाही हेही खरं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ताकद कमी, म्हणजे अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरतं. जुने रबरी पाइप आणि सील वेळेआधी खराब होतात. यासाठी मी डिझेल म्हणेन.

खानापूरचा
काका, डिझेलचं पटलं. पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. टिळकवाडीकर ज्या गाडीबद्दल बोलतायत ती, म्हणजे एक मालक, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड, पत्रा साफ, एबीएस असलेली, ती बाजारात येतच नाही. ती मालकाच्या भावकीतच जाते. बाजारात येते ती वेगळी.

टिळकवाडीकर
येत नाही असं नाही, थांबावं लागतं. निवृत्त बँकवाले, मास्तर, हुबळीला बदली झालेले लोक विकतात, तेही एजंटाकडे न जाता ओळखीत. दोन-चार महिने शोधायची तयारी असेल तर मिळते. तयारी नसेल तर मग तुमचं ऐकावं, नवी छोटी घ्यावी. येत्या रविवारी कुणाला गाडी बघायला जायचं असेल तर मी येतो, रॅम्पची सोय मी करतो.